पिट्सबर्गची ड्युकेन इन्क्लाइन : डोंगर चढणारे लाकडी डबे

अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया राज्यातल्या पिट्सबर्ग शहरात गेलेला प्रवासी एकदा तरी माउंट वॉशिंग्टनच्या कड्यावर जातोच. तेथे जाण्यासाठी रस्ता आहे, बसही आहे. तरीही जाणकार मंडळी वेस्ट कार्सन स्ट्रीटवरील छोट्या स्थानकातून लाल रंगाच्या लाकडी डब्यात बसणेच पसंत करतात. १८७७च्या मे महिन्यात सुरू झालेली ही ड्युकेन इन्क्लाइन सुमारे २४४ मीटर लांबीच्या रुळांवरून प्रवाशांना १२२ मीटर उंचीवर नेते. चढ जवळजवळ ३० अंशांचा आणि वेग ताशी जेमतेम दहा किलोमीटर. अवघ्या काही मिनिटांचा हा प्रवास संपूच नये, असे वाटते.

फ्युनिक्युलर या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या रेल्वेचे तंत्र सोपे आहे. दोन डबे वरच्या चाकावरून गेलेल्या पोलादी दोरांनी एकमेकांशी जोडलेले असतात. एक उतरू लागला की त्याच्या वजनाने दुसरा वर ओढला जातो. यंत्राला केवळ दोन्हींच्या भारातील फरक आणि घर्षण यांपुरतीच शक्ती लावावी लागते. नाशिक जिल्ह्यातील सप्तशृंगगडावर २०१८ मध्ये सुरू झालेल्या ट्रॉलीने प्रवास केलेल्यांना ही रचना परिचयाची वाटेल. ड्युकेनच्या वरच्या स्थानकात दोर ओढणारी यंत्रणा पाहता येते. तिच्या जुन्या चक्राला चक्क लाकडाचे दाते आहेत.

ही वाहने कोणी सौंदर्यदर्शनासाठी बांधली नव्हती. नद्यांकाठची सपाट जमीन पोलादाच्या आणि काचेच्या कारखान्यांनी व्यापली होती. कामगारांना राहण्यासाठी उरला तो डोंगर. त्याच्या पोटातून कोळसा काढला जाई, म्हणून त्याचे मूळ नाव कोल हिल. दिवसभर भट्टीपुढे राबून पुन्हा पायऱ्यांची ती खडी चढण चढणे, ही त्यांची रोजची शिक्षा होती. १८७० मध्ये अभियंता जॉन एन्ड्रेस यांच्या आराखड्यानुसार मोनोंगाहेला इन्क्लाइन सुरू झाली आणि हा त्रास सरला. ती आजही धावते. ड्युकेनचे अभियंता सॅम्युअल डिशर हे एन्ड्रेस यांचे जावई. पुढे या शहरात अशा डझनभराहून अधिक इन्क्लाइन उभ्या राहिल्या. आज उरल्या आहेत त्या याच दोन.

आज ज्या दृश्यासाठी गर्दी होते, ते त्या काळच्या प्रवाशांना क्वचितच दिसत असे. गिरण्यांच्या धुराने भरदुपारी रस्त्यांवरचे दिवे लावावे लागत. १९४१ मध्ये धूरनियंत्रणाचा कायदा झाला, दुसऱ्या महायुद्धानंतर त्याची अंमलबजावणी झाली आणि हळूहळू आकाश मोकळे झाले. मात्र याच सुमारास मोटारी आल्या, घरे दूर गेली आणि इन्क्लाइन एकामागून एक बंद पडू लागल्या. दृश्य उघडले आणि ते पाहण्याचे वाहनच जाण्याची वेळ आली, असा हा विचित्र योग.

दुरुस्तीचा खर्च परवडेना म्हणून १९६२ मध्ये ड्युकेनही थांबली. येथे कथेला वळण मिळते. ड्युकेन हाइट्स वस्तीतील रहिवाशांनी सरकारकडे अर्ज करून वाट पाहत बसणे पसंत केले नाही. घरोघर फिरून वर्गणी, समभागांची विक्री, स्मरणतिकिटे, घरी भाजलेल्या केक-बिस्किटांचे स्टॉल, पत्त्यांचे डाव अशा नाना मार्गांनी त्यांनी सहा महिन्यांत सुमारे १५ हजार डॉलर उभे केले. १ जुलै १९६३ रोजी डबे पुन्हा चालू लागले. तेव्हापासून नफा न कमावणारी नागरिकांची संस्था ही सेवा चालवते. १९७५ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळांच्या यादीत तिचा समावेश झाला. चेरीच्या लाकडाची जुनी तावदाने आणि मेपलची नक्षी आजही डब्यांत जपलेली आहे.

चढताना दरीकडील खिडकी धरावी. डबा जसजसा वर सरकतो, तसतसा समोर त्रिकोण उलगडतो. उत्तरेकडून ॲलेघेनी, दक्षिणेकडून मोनोंगाहेला, आणि दोघींच्या संगमातून निघणारी ओहायो. संगमाच्या टोकावर कारंजे, मागे उंच इमारती, नद्यांवर पिवळे पूल. फ्रेंचांनी १७५४ मध्ये याच टोकावर फोर्ट ड्युकेन हा किल्ला बांधला होता. इन्क्लाइनचे नाव त्याच्याशी नाते सांगते. वरच्या स्थानकातील छोटे संग्रहालय बंद पडलेल्या इन्क्लाइनची छायाचित्रे दाखवते. तीही पाहावीत, पण आधी ग्रँडव्ह्यू ॲव्हेन्यूवर पाच मिनिटे थांबावे.

संध्याकाळी गेल्यास उत्तम. सूर्य मावळण्याच्या अर्धा तास आधी वर पोहोचले, तर उजेडातले शहर आणि दिव्यांचे शहर एकाच फेरीत दिसते. खाली परतताना डब्यात अनेकदा पर्यटकांबरोबर वरच्या वस्तीतले रहिवासीही भेटतात. त्यांच्यासाठी ही आजही घराकडची वाट आहे.