मिसिसिपीतील उन्हाळी शाळा

उन्हाळ्याची सुटी लागली की शिक्षकाला हायसं वाटतं, यात लपवण्यासारखं काही नाही. वर्षभर खडू झिजवलेला असतो, घसा बसलेला असतो. अशा सुटीत अभ्यासात मागे राहिलेली मुलं घेऊन पुन्हा बसा, तेही बिनपगारी, असं कुणी म्हटलं तर आपल्यापैकी किती जण उठतील? अमेरिकेत १९६४ च्या उन्हाळ्यात काहीशे जण उठले. बहुतेक कॉलेजात शिकणारी तरुण मुलं-मुली, काही पेशाने शिक्षक. पगार नव्हताच, उलट पोटाचा खर्च ज्याचा त्याने करायचा, आणि पोलिसांनी पकडलं तर जामिनासाठी पाचशे डॉलरची तजवीजही आधीच करून यायची! असल्या नोकरीत त्यांना मिळालं काय, ते पाहू या.

मिसिसिपी हे अमेरिकेच्या दक्षिणेकडचं राज्य, कापसाचा मुलूख. वेचणीच्या दिवसांत शाळेचा पट कसा रिकामा होतो, हे वऱ्हाड-खानदेशातल्या गुरुजींना सांगायला नको. तिकडे तर कापूसपट्ट्यात काळ्या मुलांच्या शाळाच भर उन्हाळ्यात भरवीत आणि बोंडं फुटली की बंद ठेवीत. शेतमालकाला वेचायला हात हवेत ना! त्या सुमारास शाळांवर एका गोऱ्या मुलामागे सुमारे ८२ डॉलर खर्च होत, काळ्या मुलामागे सुमारे २२. काळ्या-गोऱ्या मुलांच्या वेगळ्या शाळा घटनाबाह्य आहेत, असा निकाल अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९५४ साली दिला. तेव्हा या राज्याने १९५६ मध्ये सक्तीच्या शिक्षणाचा कायदाच रद्द केला. मत द्यायचं तर नाव नोंदवावं लागे, आणि नाव नोंदवताना राज्यघटनेतलं एखादं कलम लिहून, त्याचा अर्थ कारकुनाचं समाधान होईल असा सांगावा लागे. कारकून गोरा; त्याचं समाधान होतं कशाला? शंभर काळ्या प्रौढांत सात जणांचीही नावं यादीत नव्हती. आता तुम्हीच सांगा, हे मूल मागे राहिलं ते मंदबुद्धीमुळे?

चार्ल्स कॉब नावाच्या तरुण कार्यकर्त्याने डिसेंबर १९६३ मध्ये उन्हाळी ‘स्वातंत्र्यशाळां’ची कल्पना मांडली. त्याचं म्हणणं असं, की या शाळांत पुस्तकं कमी आहेत हे दुःख आहेच. पण मोठं दुःख हे, की इथे मुलाला प्रश्न विचारण्याची मुभा नाही. शाळांची जबाबदारी स्टॉटन लिंड या इतिहासाच्या प्राध्यापकाकडे आली. (आमच्या पेशातला माणूस, म्हणून जरा अभिमानाने नाव घेतो.)

१६ जूनच्या रात्री लाँगडेल येथील माउंट झायन चर्च जाळण्यात आलं. तिथे अशी शाळा भरवायचं ठरत होतं. जळालेलं चर्च पाहायला गेलेले तिघे कार्यकर्ते, जेम्स चेनी, अँड्र्यू गुडमन आणि मायकेल श्वर्नर, २१ जूनला फिलाडेल्फिया गावाजवळ नाहीसे झाले. हे मिसिसिपीतलं छोटं गाव, त्याच नावाचं मोठं शहर नव्हे. ओहायो राज्यात शिक्षकांचं शिबिर चालू होतं, तिथे ही बातमी पोचली. घरून बोलावणी आली असतील, आयांनी डोळ्यांना पदर लावावा तसंच तिकडेही झालं असेल. तरी फार थोडे माघारी गेले.

हजारभर मुलं येतील असा अंदाज होता, आली दोन हजारांहून अधिक. चाळीसवर शाळा निघाल्या. चर्चच्या तळघरात, ओसरीवर, झाडाखाली, जिथे जागा मिळेल तिथे. हॅटिसबर्ग गावी नाव घालायला ८२ वर्षांचे एक गृहस्थ आले. वाचायला ते आपले आपण शिकले होते, पण अर्ज भरायला मदत हवी होती.

सकाळी वाचन-लेखन आणि काळ्या लोकांचा इतिहास. दुपारी ज्याला जे हवं ते. कुणी फ्रेंच मागितलं, कुणी टंकलेखन. टंकलेखन शिकता शिकता मुलांनी स्वतःची वर्तमानपत्रं काढली. हॉली स्प्रिंग्जच्या मुलांनी मेडगर एव्हर्स यांच्यावर नाटक बसवलं. हे नेते आदल्याच वर्षी गोळीला बळी पडले होते. मॅकोंब येथे कार्यकर्त्यांच्या घरावर ८ जुलैला बाँब पडला, तर वर्ग अंगणातल्या गवतावर भरला. तिथल्या सोळा वर्षांच्या एका मुलीने त्यावर कविता लिहिली. त्यानंतर गावातली घाबरलेली वडीलधारी मंडळी हलली, आणि वर्गाला छप्पर मिळालं.

शिक्षकाची कमाई म्हणतात ती ही. वर वर्षानुवर्षं ‘होय साहेब’ म्हणण्याची सवय, वर्गात मान खाली, तेच मूल तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात मान वर करून विचारतं, “असं का?” ज्याने मागे राहिलेल्या मुलाला शिकवलं असेल त्यालाच त्या दोन शब्दांची किंमत कळेल. हुशार मुलाचा प्रश्न आपल्याला मिळतोच. त्यात आपला वाटा किती, ते देव जाणे.

सहा-आठ आठवड्यांत आठ वर्षांची उणीव भरून निघाली, असं मात्र कुणी समजू नये. अक्षर लावता लावता ऑगस्ट संपला. बरेचसे तरुण आपापल्या कॉलेजांत परतले, आणि मुलं त्याच पडक्या शाळांत. पण ४ ऑगस्टला त्या तिघांचे मृतदेह मातीच्या बांधाखाली सापडले, ७ ऑगस्टला चेनीचा अंत्यविधी त्याच्या मेरिडियन गावी झाला, आणि लगेच त्याच गावी या शाळांतली मुलं राज्यभरातून जमली. घरं, दवाखाने, शाळा, मतदान यांवर त्यांनी स्वतः ठराव लिहिले, त्यांवर वाद घातले, मतं घेतली. ज्यांच्या आईबापांना मत देता येत नव्हतं, त्यांची ही मुलं!

काळ्यांच्या मतदानाचा कायदा अमेरिकेत १९६५ साली झाला. त्याआधीच, १९६४ च्या सप्टेंबरात, फिलाडेल्फियातल्या काळ्या मुलांच्या हायस्कुलात काही विद्यार्थी छातीवर बिल्ला लावून आले. ‘एका माणसाला एक मत’, असं त्यावर लिहिलेलं होतं. मुख्याध्यापकांनी बिल्ला काढायला सांगितलं. मुलांनी काढला नाही, तेव्हा त्यांना घरी पाठवलं. पालक कोर्टात गेले. १९६६ साली अपील न्यायालयाने निकाल दिला, की वर्गात गडबड होत नसेल तर बिल्ला लावायला मुलांना मनाई करता येणार नाही.