वाड्याचा दरवाजा आणि आपलं तापलेलं घर

आज विषय दरवाजाचा. धर्माबादला आमच्या घराचं काम चालू आहे. दर्शनी दार पश्चिमेला. पप्पा म्हणतात लोखंडी बसवू, मी म्हणतो सागवानी.

लोखंडातून उष्णता लाकडापेक्षा शेकडो पट सहज जाते. मे महिन्यात दुपारी चारला पश्चिमेच्या लोखंडी दाराला हात लावून बघा, कळेल. सागात नैसर्गिक तेल असतं, म्हणून वाळवी सहसा लागत नाही, पावसाळ्यात दार फारसं फुगतही नाही. किनवट-माहूरचं सागाचं जंगल आपल्याच जिल्ह्यातलं.

पण जुन्या वाड्यांचे दरवाजे जाडजूड केले ते काही उन्हासाठी नाही, भीतीपोटी. चोर-दरोडेखोर तर होतेच. 1947-48 मध्ये रझाकारांचा धाक आला. आतून अख्ख्या भिंतीत सरकणारा लाकडी अडसर. मोठ्या दारात छोटा दिंडी दरवाजा, एका वेळी एकच माणूस वाकून आत येणार. गारवा हा फुकटचा फायदा.

आणि खरं सांगू? गारव्याचं श्रेय एकट्या फळीला नाहीच. दाराच्या आत ढाळज असायची. बाहेरची झळ आधी तिथे अडायची, मग चौक, मग घर. आजकाल मॉलला दोन काचेची दारं असतात ना, तोच हिशोब. वर माळवद, बाजूला दोन-तीन फुटी भिंती.

त्याच भिंतींनी 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे किल्लारी भागात हजारो माणसं गाडली. बऱ्याच ठिकाणी भिंती ढासळल्या, पण लाकडी खांब-तुळयांचा सांगाडा उभा राहिला. तरी लोकांच्या मनातून जुनं घरच उतरलं. माती-दगड नको म्हणताना ढाळजही गेली. जाऊ द्यायला नको होती, असं माझं मत. ती विटांचीही बांधता येते.

शेवटी ठरलं असं: सागाचं भरीव दार, पुढे चार फुटांचा पोर्च, पप्पांच्या समाधानासाठी बाहेरून लोखंडी जाळी. छतावर पांढरा चुना मारणारच, कारण दारापेक्षा कितीतरी जास्त ऊन स्लॅब पितो.

एका गोष्टीवर मात्र अजून वाद चालू आहे. मला उंबरा हवाय. खालची फट बंद होते, धूळ, झळ, विंचू बाहेर राहतात. सुतार म्हणतो, "दादा, आता कोणी बसवत नाही, झाडताना मधी येतो."