किफायत आणि कार्ब्युरेटर

उर्दू आणि मराठी या दोन्ही भाषा शिकवत असल्यामुळे एखादा शब्द दोन घरांत वेगवेगळ्या अर्थाने नांदताना दिसला की मी तिथे थोडा रेंगाळतो. 'किफायत' हा असाच शब्द. मराठीत किफायतशीर म्हणजे स्वस्त, परवडणारे. उर्दूत किफायत म्हणजे काटकसर. मूळ अरबीत मात्र त्याचा अर्थ 'पुरेसे असणे' असा आहे, आणि आपण रोज वापरतो तो 'काफी' हा शब्दही त्याच धातूतून आला आहे. म्हणजे किफायतीत कमीत कमी किती, हे पाहायचे नसते. पुरेसे किती, हे पाहायचे असते. जुन्या मोटारीच्या कार्ब्युरेटरचा इतिहास वाचताना हा अर्थ मला पुन्हा पुन्हा आठवला.

वाचण्याचे निमित्त झाले खडकवासल्यातल्या एका शेजाऱ्यांचे. त्यांच्या दारात वडिलांच्या वेळची प्रीमियर पद्मिनी उभी असते. एक दिवस त्यांनी विचारले, "सर, मिस्त्री म्हणतो मारुतीचा छोटा कार्ब्युरेटर टाकू, ॲव्हरेज वाढेल. टाकू का?" मी मेकॅनिक नाही, पण प्रश्न सोपा दिसला तरी सोपा नाही, एवढे लक्षात आले.

कार्ब्युरेटरचे काम हवेत पेट्रोलचा बारीक फवारा मिसळण्याचे. त्यामागचे तत्त्व खडकवासल्याच्या माणसाला परके नसावे. इथल्या केंद्रीय जल व विद्युत संशोधन केंद्राची सुरुवात 1916 साली झाली आणि 1925 मध्ये ते खडकवासल्याला आले. केंद्राच्या जडणघडणीशी ज्यांचे नाव जोडलेले आहे ते सी. सी. इंग्लिस कालव्यातले पाणी मोजण्यासाठी कालव्याचाच गळा अरुंद करणाऱ्या रचनांचे अभ्यासक होते. प्रवाहाचा गळा आवळला की तिथे वेग वाढतो आणि दाब उतरतो. इटलीच्या जोव्हान्नी बाट्टिस्टा व्हेंच्युरी यांनी 1797 साली हे प्रयोगांतून मांडले. कार्ब्युरेटरमधल्या अरुंद नळीला आजही व्हेंच्युरी म्हणतात. इंजिन हवा ओढते, गळ्यात दाब उतरतो आणि शेजारच्या लहान टाकीतले पेट्रोल जेटच्या छिद्रातून वर खेचले जाते. कालव्यात त्या गळ्याने पाणी मोजले जाते, मोटारीत हवा मोजली जाते आणि त्या मापाने पेट्रोल दिले जाते.

फवारा उडवणारा कार्ब्युरेटर 1893 च्या सुमारास आला. जर्मनीत विल्हेल्म मायबाख आणि हंगेरीत दोनात बांकी व यानोश चोंका यांनी तो जवळजवळ एकाच वेळी तयार केला. पण किफायतीच्या इतिहासातले महत्त्वाचे नाव एदोआर्दो वेबर यांचे. पहिल्या महायुद्धानंतर इटलीत पेट्रोल महाग होते. वेबर यांनी फियाट गाड्यांना इंधन वाचवण्यासाठी वेगळे कार्ब्युरेटर बसवून द्यायला सुरुवात केली आणि 1923 साली बोलोन्यात कारखाना काढला. त्यांची ख्याती झाली ती दोन गळ्यांच्या कार्ब्युरेटरमुळे: साध्या चालीला लहान गळा, जोर हवा तेव्हा दुसऱ्याची मदत. पुढे वेबर हे नाव शर्यतीच्या गाड्यांशी जोडले गेले. पण जन्म झाला तो काटकसरीच्या पोटी. नुसता गळा लहान करून भागत नाही, हेच या दोन गळ्यांतून दिसते. 

फियाटचा धागा आपल्याकडे येतो तो सोलापूरच्या वालचंद हिराचंद यांच्यामुळे. त्यांनी 1944 मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी स्थापन केली आणि तिच्या कुर्ल्याच्या कारखान्यातून फियाट 1100 रस्त्यावर आली. हीच गाडी पुढे पद्मिनी झाली: 1089 सीसीचे इंजिन आणि एका गळ्याचा साधा कार्ब्युरेटर. 1973 च्या अरब-इस्राएल युद्धानंतर काही महिन्यांतच कच्च्या तेलाचा भाव पिंपामागे सुमारे 3 डॉलरवरून 12 डॉलरच्या आसपास गेला. पेट्रोल दरवाढीच्या निषेधार्थ अटलबिहारी वाजपेयी बैलगाडीतून संसदेत गेले, तेही याच वर्षी. 'गाडी किती देते?' हा प्रश्न घराघरांत शिरला तो याच काळात. डिसेंबर 1983 मध्ये 796 सीसीची मारुती 800 आली आणि पद्मिनीवाल्यांना आपली गाडी उधळी वाटू लागली. मारुतीचा कार्ब्युरेटर उचलून पद्मिनीला लावण्याचा मोह तिथूनच आला असावा.

हा मोह फसवा का, हे आकड्यांतून कळते. शुद्ध पेट्रोलचा 1 किलो पूर्ण जाळायला सुमारे 14.7 किलो हवा लागते. जास्तीत जास्त जोर हवा असेल तर हवा थोडी कमी, 12.5 ते 13 पट, लागते; जास्तीत जास्त बचत हवी असेल तर थोडी जास्त, साधारण 15.5 ते 16 पट. बचतीची खिडकी इतकीच अरुंद आहे. तिच्यापुढे जेट बारीक करत गेलो तर इंजिन अडखळते, तापते, व्हॉल्व्ह जळण्याची भीती असते आणि चालक नकळत ॲक्सिलरेटर जास्त दाबतो. वाचवलेले पेट्रोल तिथेच परत जाते. 1930 च्या दशकात कॅनडाच्या चार्ल्स नेल्सन पोग यांच्या पेटंटवरून गॅलनमागे 200 मैलांची अफवा पसरली आणि ती आजही जिवंत आहे. पण पेट्रोलच्या थेंबात जेवढी ऊर्जा आहे त्यापेक्षा जास्त कोणताही कार्ब्युरेटर काढू शकत नाही.

उलट बाजूही आहे. पुणे समुद्रसपाटीपासून सुमारे 560 मीटर उंच आहे आणि इथली हवा मुंबईपेक्षा साधारण 5 टक्के विरळ. त्यामुळे मुंबईत जुळवलेली गाडी पुण्यात थोडे जास्त पेट्रोल पिते. इथे जेट किंचित लहान करण्याला अर्थ होता, पेट्रोल शुद्ध होते तोपर्यंत. फेब्रुवारी 2023 पासून 20 टक्के इथेनॉलचे पेट्रोल पंपांवर येऊ लागले. इथेनॉलमध्ये ऑक्सिजन असतो, त्यामुळे या मिश्रणाला 14.7 ऐवजी साधारण 13.5 पटच हवा लागते. नव्या गाडीचे सेन्सर हे ओळखून पेट्रोल वाढवतात. पद्मिनीचे पितळी जेट काही ओळखत नाही. परिणामी तीच जुनी गाडी आज आपोआप जास्त कोरडी चालते. अशा वेळी आणखी लहान कार्ब्युरेटर टाकणे म्हणजे उपाशी माणसाला रोजे वाढवायला सांगणे.

म्हणून शेजाऱ्यांना मी सुचवले ते असे. गाडीबरोबर आलेल्या मापाचाच कार्ब्युरेटर ठेवा, पण आधी तो नीट करून घ्या. थ्रॉटलचा दांडा झिजून हवा गळते का, तार घालून साफ करताना जेटचे छिद्र मोठे झाले आहे का, फ्लोटची पातळी बरोबर आहे का, हे पाहा. रबरी नळ्या इथेनॉल सोसणाऱ्या घ्या. टॅपेट, टायमिंग, टायरमधली हवा आणि घासणारे ब्रेक यांचा हिशेब कार्ब्युरेटरच्या आधी करा. मग एकाच पंपावर टाकी काठोकाठ भरा, दोनशे किलोमीटर चालवा, पुन्हा भरा आणि भागाकार करा. प्लग काळा पडला तर जेट मोठे झाले आहे, पांढरा पडला तर लहान. विटकरी राहिला तर हात लावू नका.

ऑक्टोबर 2023 मध्ये मुंबईच्या रस्त्यांवरून शेवटची पद्मिनी टॅक्सी निवृत्त झाली. आता या गाड्या हौसेने सांभाळणाऱ्यांकडेच उरल्या आहेत, आणि त्यांच्या हातात बचत लिटरमागच्या दोन किलोमीटरांत मोजून चालणार नाही. इंजिन आणखी वीस वर्षे टिकले की नाही, यात ती मोजावी लागेल. इंजिनाला जेवढे काफी आहे तेवढे द्यावे. किफायत म्हणतात ती यालाच.