कंसातली गावे, कंसातले पाठ

वर्धा जिल्ह्याला कंसांची हौस आहे. कारंजा (घाडगे), आष्टी (शहीद), तळेगाव (श्यामजीपंत) आणि नागपूरच्या वाटेवरचे सिंदी (रेल्वे). वर्ध्याला लागून सिंदी (मेघे) असल्याने नुसते ‘सिंदी’ म्हणणाऱ्याला ‘कोणते?’ हा प्रश्न ठरलेला. १८६७ साली आगगाडी नागपूरला पोचली, आणि तिच्या मार्गावरच्या या गावाच्या नावातच रेल्वे येऊन बसली. मूळ शब्द खोडला नाही. शेजारी खूण तेवढी केली.

विदर्भातल्या मराठी गद्याने ही रीत सातशे वर्षांपूर्वीच गिरवली होती.

महानुभाव पंथाचे प्रवर्तक चक्रधरस्वामी उत्तरेकडे निघून गेल्यावर त्यांच्या आठवणी लिहून काढण्याचे काम त्यांचे शिष्य म्हाइंभट यांनी अंगावर घेतले. तेराव्या शतकाच्या उत्तरार्धात, आजच्या अमरावती जिल्ह्यातल्या रिद्धपूरला ‘लीळाचरित्र’ सिद्ध झाले. ज्याने पाहिले, ज्याने ऐकले, त्याला गाठून विचारायचे. जमलेले पंथाचे आचार्य नागदेवाचार्य यांच्यापुढे ठेवायचे. त्यांनी पारखून दिले की मगच ते पोथीत. ही कल्पित कथा नव्हे, पण कथालेखकाने हेवा करावा अशी तिची घडण आहे. कोण कुठे होते, काय घडले, कोण काय बोलले, एवढे सांगून लीळा संपते. लिहिणारा मध्ये डोकावत नाही.

पुढे एका धाडीत मूळ पोथी गेली. पंथातल्या जाणत्यांनी ती स्मरणातून पुन्हा उभी केली, पण सगळ्यांना सारखे कसे आठवणार? या पाठभेदांना महानुभाव ‘वासना’ म्हणतात. हिराइसेची वासना एक, परशरामबासांची दुसरी. एकीला खरी ठरवून दुसरी पुसायची, असे झाले नाही. अमक्याचे आठवणे असे, तमक्याचे तसे, ही नोंद पोथ्यांमधून चालत आली.

छापखाना आला आणि ही सवड संपली. हरिभाऊ आपट्यांची ‘पण लक्षात कोण घेतो?’ ही कादंबरी १८९० पासून ‘करमणूक’ साप्ताहिकातून क्रमशः आली. आधीचे प्रकरण वाचकांच्या हाती पडलेले. ते मागे घेऊन दुरुस्त कसे करणार? त्यांच्या ‘आजच’सारख्या कादंबऱ्या तर अपुऱ्याच राहिल्या.

हिंगणघाटला जन्मलेल्या उद्धव शेळक्यांच्या ‘धग’ (१९६०) या कादंबरीत प्रश्न भाषेचा होता. शिंप्याची बायको कौतिक संसार ओढते आहे, नवरा महादेव रोगाने खचत चालला आहे. शाळेत शिकलेली लेखणी अशा वेळी आपणहून ‘मले’चे ‘मला’ करते, ‘काऊन’चे ‘का’ करते. ती दुरुस्ती झाली असती, तर कौतिकचा ताठा आणि तिची चिडचिड दोन्ही परक्या घरची वाटली असती. शेळक्यांनी तिच्या तोंडी वऱ्हाडीच ठेवली. काय खोडायचे नाही, हे ठरवणेही संपादनच होते.

१९६९ साली मराठी साहित्य संमेलन वर्ध्याला भरले. अध्यक्ष होते पु. शि. रेगे. त्यांची ‘सावित्री’ (१९६२) ही छोटेखानी कादंबरी सगळी पत्रांची आहे, आणि पत्रे एकाच बाजूची. सावित्री लिहिते, तिला आलेली उत्तरे पुस्तकात नाहीतच. समोरचा माणूस वाचकाने तिच्या वाक्यांवरून ओळखायचा. म्हाइंभटांच्या परंपरेने प्रत्येक साक्षीदार राखला, तर रेग्यांनी अर्धा संवाद गाळून कादंबरी उभी केली.

आधीच्या, म्हणजे १९६७ च्या भोपाळ संमेलनाचे अध्यक्ष नागपूरचे वि. भि. कोलते होते. महानुभाव पोथ्या पडताळत त्यांनी आयुष्य घालवले होते. त्यांनी संपादित केलेले ‘लीळाचरित्र’ १९७८ साली छापून आले.