कंचा, कुंटा आणि हत्तीची वाट

हत्तीसाठी राखीव वन असावे आणि ते राज्याच्या सीमेवर असावे, असे कौटिल्याने अर्थशास्त्रात सांगून ठेवले आहे. त्या वनावर स्वतंत्र अध्यक्ष नेमावा, त्याच्या हाताखाली वनचर असावेत, हत्तीला मारणाऱ्यास देहदंड द्यावा आणि आपोआप मेलेल्या हत्तीचे सुळे आणून देणाऱ्यास बक्षीस द्यावे, असा तो सगळा बंदोबस्त आहे. यात भूतदया फारशी नाही. हत्ती म्हणजे लष्कर, आणि लष्कर जिथे जन्मते ते रान राखले पाहिजे, हा रोकडा हिशेब आहे. पण त्या हिशेबामुळे रान राहिले, हेही खरे. आपण सीमाभागातल्या माणसांनी या वचनाकडे थोडे लक्ष द्यावे असे मला वाटते. कारण आज हत्ती पुन्हा सीमेवर आला आहे आणि त्याच्यासाठी राखलेले वन मात्र तिथे उरलेले नाही.

आम्ही मूळचे भालकी तालुक्यातले. पोटापाण्यासाठी मी कुकटपल्लीला आलो त्याला आता जवळजवळ चाळीस वर्षे होतील. घरात मराठी, दारात तेलुगू, बाजारात दखनी आणि गावी गेले की कन्नड, अशी आमची चौपदरी बोली. भाषा बदलली की जमिनीचे नावही बदलते, हे मी इथे शिकलो. आपण ज्याला गायरान म्हणतो त्याला इथे ‘कंचा’ म्हणतात. आपला तलाव तो इथला ‘चेरुवु’, आणि लहान तळे म्हणजे ‘कुंटा’. नावे वेगळी, पण वस्तू एकच: कुणा एकाच्या मालकीची नसलेली, म्हणून सगळ्यांच्या उपयोगाची जागा.

या जागांचा इतिहास आपल्याच मुलुखात सापडतो. बसवकल्याण हे एकेकाळी चालुक्यांचे राजधानीचे शहर. तिथे राज्य करणाऱ्या तिसऱ्या सोमेश्वराने ११२९ च्या सुमारास ‘मानसोल्लास’ रचला. कांडण करताना मराठी बायका ओव्या म्हणतात, ही नोंद त्यातच आहे, म्हणून आपल्याला तो ग्रंथ जवळचा. त्याच ग्रंथात हत्ती कोणकोणत्या वनांत मिळतात आणि ते कसे धरावेत याचाही तपशील आहे. पुढे बहमनी राजधानी बिदरला आली. १४७० च्या सुमारास रशियन प्रवासी अफनासी निकितिन बिदरात होता. सुलतानाच्या स्वारीतले चिलखत घातलेले, सुळ्यांना तलवारी बांधलेले हत्ती पाहून तो थक्क झाला आणि त्याने ते लिहून ठेवले. बिदरच्या पठारावर हत्तीचे रान नव्हते. हत्ती येत ते गोंडवनातून, ओरिसातून, खंडणी आणि नजराणा म्हणून. म्हणजे दरबार एकीकडे आणि त्याला पोसणारे रान शेकडो कोस पलीकडे. हैदराबादेत मोहरमला बीबी का आलम हत्तीवरून निघतो, तो याच परंपरेचा अवशेष. शहराला हत्ती मिरवायला हवा असतो. तो राहतो कुठे, खातो काय, हे शहराला विचारावेसे वाटत नाही.

आता कुकटपल्लीकडे वळू. हैदराबादच्या परिसरात तळ्यांच्या साखळ्या होत्या. वरचे तळे भरले की सांडव्याचे पाणी ओढ्याने खालच्या तळ्यात जाई, ते भरले की त्याच्या खालच्यात. १५६२ साली इब्राहिम कुली कुतुबशहाच्या काळात हुसेन सागर बांधला गेला. कुकटपल्लीचा नाला त्यालाच जाऊन मिळतो. नल्ला चेरुवु, कामुनी चेरुवु, आयडीएलचे तळे ही नावे अजून बसच्या पाट्यांवर आणि पत्त्यांत आहेत. पण हाउसिंग बोर्डाची वसाहत आली, कारखाने आले, पुढे २०१७ मध्ये मेट्रो आली आणि जागेला सोन्याचा भाव आला. तळ्याची कड बुजवणे हा एक धंदाच झाला. ओढ्यात पावसाच्या पाण्याऐवजी सांडपाणी वाहू लागले. २०२४ च्या सप्टेंबरात ‘हायड्रा’ या नव्या सरकारी यंत्रणेने नल्ला चेरुवुच्या काठची अतिक्रमणे पाडली, त्या दिवशी साऱ्या मोहल्ल्याला नव्याने कळले की इथे तळे होते. ज्यांची शेडे पडली त्यांतले बरेच भाडेकरू होते. जागा विकून मोकळे झालेले लोक तिथे फिरकलेही नाहीत.

तळ्यासारखीच कंचाची गत. हैदराबाद विद्यापीठाला लागून असलेले कंचा गच्चीबावली इथून फार दूर नाही. महसुली दफ्तरात त्या जमिनीची नोंद ‘कंचा अस्तबल पोरंबोकु सरकारी’ अशी आहे. चार शब्दांत दख्खनच्या साऱ्या बोलींची वर्गणी आहे. एकेकाळी सरकारी तबेल्याच्या जनावरांसाठी राखलेले हे कुरण. माणसाचे हात लागले नाहीत म्हणून तिथे झाडोरा माजला, खडकांत पाणी साठले, चितळ आणि मोर राहिले. २०२५ च्या मार्चअखेरीस तिथल्या चारशे एकरांवर बुलडोझर चालले. मोरांचे ओरडणे लोकांनी रात्री ऐकले, विद्यार्थी रस्त्यावर आले आणि ३ एप्रिलला सर्वोच्च न्यायालयाने वृक्षतोड थांबवली. दफ्तरात ती ‘पोरंबोकु’, म्हणजे पडीक. चितळांचे दफ्तर कुणी पाहिले नव्हते.

वाचक म्हणतील, यात हत्ती कुठे आला? हत्ती येतो तो इथेच. चितळाला चारशे एकर पुरतात, हत्तीला पुरत नाहीत. पूर्ण वाढलेल्या हत्तीला दिवसाला दीडशे किलोंच्या आसपास चारा आणि शंभर-दोनशे लिटर पाणी लागते. म्हणून तो एका जागी राहत नाही. एका रानातले खाऊन दुसऱ्या रानाला जातो, तोवर पहिले रान पुन्हा भरते. आजीकडून नातीकडे वाट सांगितली जाते. कळपाची धुरीण म्हातारी हत्तीण असते, तिला उन्हाळ्यातले पाणवठे ठाऊक असतात. या वाटेतला एक पाणवठा बुजला, एक गायरान प्लॉट पाडून विकले गेले, की वाट तुटते. वाट तुटली म्हणून भूक थांबत नाही. मग तो उसात शिरतो, केळीत शिरतो.

आपल्या सीमेवर नेमके हेच झाले. काळी नदीवर सुप्याचे धरण झाले, जुने सुपे गाव आणि भोवतीचे रान पाण्याखाली गेले. खाणी, रस्ते आणि कालवे यांनी दांडेलीचे जंगल ठिकठिकाणी कापले. २००२ मध्ये तिकडचे हत्ती दोडामार्ग तालुक्यात उतरले आणि पुढे चंदगड, आजऱ्यापर्यंत फिरू लागले. महाराष्ट्राच्या कागदावर तोवर रानहत्ती नव्हताच. २०१७ च्या गणनेत देशात २७,३१२ हत्ती मोजले गेले, त्यांत कर्नाटकात ६,०४९ आणि महाराष्ट्रात अवघे सहा. २०२५ मध्ये जाहीर झालेल्या डीएनए पद्धतीच्या गणनेत देशाचा आकडा २२,४४६ आला. पद्धत निराळी असल्याने दोन आकड्यांची थेट वजाबाकी करता येत नाही, पण निश्चिंत व्हावे असेही त्यात काही नाही.

पूर्वेलाही तीच कथा. २०२१ मध्ये छत्तीसगडातून एक कळप गडचिरोलीत आला आणि राहिला. २०२४ च्या एप्रिलमध्ये त्यातला एक हत्ती प्राणहिता ओलांडून तेलंगणाच्या आसिफाबाद जिल्ह्यात गेला आणि दोन दिवसांत दोन शेतकरी त्याच्या पायाखाली मेले. हत्ती कसा असतो, तो समोर आला तर काय करावे, हे त्या गावांना कुणी सांगितलेलेच नव्हते. हत्तीची बाजू घेताना या दोन घरांना विसरणे हा शहरी माणसाचा निर्दयपणा होईल. दोडामार्गच्या शेतकऱ्याने वीस वर्षे लावलेले माड एका रात्रीत मोडून पडतात, तेव्हा त्याच्या हाती पंचनाम्याचा कागद येतो. त्याला गणपतीच्या रूपाचे कौतुक सांगून काय उपयोग?

२०२५ च्या सप्टेंबरात ‘ओंकार’ नावाने ओळखला जाणारा तरुण हत्ती सिंधुदुर्गातून गोव्याच्या पेडणे तालुक्यात गेला. लगेच तो कुणाचा, न्यायचा कुणी, यावर चर्चा सुरू झाली. तिलारीच्या धरणाचे पाणी महाराष्ट्र आणि गोवा वाटून घेतात. त्यासाठी करार आहे, मंडळ आहे, टक्केवारी आहे. त्याच खोऱ्यातून चालणाऱ्या हत्तीसाठी मात्र कायमचा असा वाटा कुणी ठरवला नाही. पाणी हवे म्हणून ते सामायिक, हत्ती नको म्हणून तो शेजाऱ्याचा.

सीमेवरची माणसे हा न्याय चांगला ओळखतात. ‘तुमचे नाव त्या राज्याच्या यादीत’ असे दोन्हीकडच्या कचेऱ्यांत ऐकून घेण्यात आपल्या दोन पिढ्या गेल्या. म्हणून हत्तीचे गाऱ्हाणे आपल्याला इतरांपेक्षा लवकर कळायला हवे. उपाय अवघड असले तरी अज्ञात नाहीत. उरलेल्या वाटा दोन्ही राज्यांनी एकाच नकाशावर आखाव्यात. हत्ती निघाला की पलीकडच्या गावाला त्याच रात्री, त्या गावाच्या भाषेत खबर जावी. भरपाई हंगाम उलटण्याआधी मिळावी. आणि गायरान, कुंटा, देवराई यांची नोंद ‘पडीक’ म्हणून होऊ नये.

शेवटची गोष्ट आपल्या हातातली आहे. भालकी, औराद, देगलूर, खानापूर, निपाणी, कुठल्याही गावच्या दफ्तरात अजून काही एकर गायरान शिल्लक आहे. त्यावर कुणाची तरी नजरही आहे. ग्रामसभेत तो विषय निघेल तेव्हा एक माणूस उठून बोलला, तरी पुष्कळ होते. हत्ती गेला आणि शेपूट राहिले अशी आपल्याकडे म्हण आहे. हत्तीचे रान गेले आणि गावचे गायरान तेवढे राहिले. निदान हे शेपूट तरी विकू नये.