डंगरी : डोंगरीचं कापड

डोक्यावर बकेट हॅट, अंगात खांद्यावर पट्टे असलेली ढगळ डंगरी. कॉलेजातल्या मुलामुलींचा हा वेश पाहून ‘हे कुठलं परदेशी खूळ?’ असा प्रश्न अनेक वडीलधाऱ्यांना पडतो. हॅटचं राहू द्या, पण ‘डंगरी’ हा शब्द मात्र अस्सल मुंबईचा आहे.

मुंबईतल्या डोंगरीच्या परिसरात जाडंभरडं, स्वस्त सुती कापड विकलं जाई. जागेचं नाव कापडाला मिळालं आणि सतराव्या शतकात ते इंग्रज व्यापाऱ्यांच्या लिखाणात पोहोचलं. टिकाऊपणामुळे त्या कापडाचे तंबू, शिडं आणि खलाशांचे कपडे शिवले गेले. पुढे कापडाचं नाव कपड्यालाच चिकटलं आणि इंग्रजीत ‘डंगरीज’ रूढ झालं. जिनोआवरून ‘जीन्स’, फ्रान्समधल्या नीमवरून ‘डेनिम’, तशीच डोंगरीवरून डंगरी.

तिन्ही कापडं कष्टकऱ्यांची. गोदीत, कारखान्यात, शेतात झिजलेला हा पोशाख आज तरुणाई हौसेने मिरवते, याचा मला मनापासून आनंद वाटतो. घरातल्या डंगरीवाल्या नातवंडांना डोंगरीची ही गोष्ट जरूर सांगावी.