संगणकाच्या अवस्थांतर शीतनासाठी कॉम्प्रेसरची निवड

अवस्थांतर शीतन ही संगणकाचा प्रोसेसर शून्य अंश सेल्सियसच्या बऱ्याच खाली थंड ठेवण्याची पद्धत आहे. घरगुती फ्रिजप्रमाणे तीत द्रवरूप प्रशीतकाचे बाष्पीभवन होते व त्यासाठी लागणारी उष्णता प्रोसेसरमधून शोषली जाते. प्रोसेसर नेमून दिलेल्या वेगापेक्षा अधिक वेगाने चालविण्यासाठी हौशी तंत्रज्ञ असे संच घरी बनवितात. सन २००० च्या सुमारास अमेरिकेतील क्रायोटेक व डेन्मार्कमधील असेटेक या कंपन्यांनी तयार संचही विकले. संचाचे यश मुख्यतः कॉम्प्रेसरच्या योग्य निवडीवर अवलंबून असते.

कार्यपद्धती

बाष्प-संपीडन चक्राचे पहिले पेटंट जेकब पर्किन्स यांनी १८३४ मध्ये लंडन येथे घेतले. या चक्राचे चार प्रमुख भाग आहेत : कॉम्प्रेसर, कंडेन्सर, केशनलिका (कॅपिलरी) आणि इव्हॅपोरेटर. संगणकाच्या संचात इव्हॅपोरेटर हा प्रोसेसरवर घट्ट बसविलेला तांब्याचा पोकळ ठोकळा असतो. कॉम्प्रेसर तेथील बाष्प ओढून घेतो व दाबून कंडेन्सरकडे पाठवितो. कंडेन्सरमध्ये उष्णता बाहेर टाकून बाष्पाचा द्रव होतो आणि तो अरुंद केशनलिकेतून पुन्हा ठोकळ्यात येतो.

क्षमता आणि अश्वशक्ती

बाजारात कॉम्प्रेसर अश्वशक्तीवरून ओळखला जातो. मात्र हा आकडा मोटरचा अंदाज देतो. शीतनक्षमता इव्हॅपोरेटरच्या तापमानानुसार बदलते. तापमान जितके कमी, तितके बाष्प विरळ होते आणि प्रत्येक फेऱ्यात ओढले जाणारे वस्तुमान घटते. फ्रिजच्या कॉम्प्रेसरची क्षमता ‘अ‍ॅश्रे’ मानकानुसार उणे २३.३ अंश बाष्पीभवन व ५४.४ अंश संघनन या स्थितीत नोंदवितात. उणे ४० अंशांवर तोच कॉम्प्रेसर त्याहून बराच कमी भार पेलतो. म्हणून उत्पादकाच्या तक्त्यातील अपेक्षित तापमानाचा रकाना पाहणे आवश्यक असते.

उदाहरणार्थ, २०० वॉट उष्णता उणे ४० अंशांवर काढावयाची असून संघनन ४० अंशांवर होते असे मानू. प्रोपेन (आर-२९०) वापरल्यास सेकंदाला सुमारे ०.९ ग्रॅम प्रशीतक फिरवावा लागतो. त्याच्या बाष्पाचे आकारमान सुमारे ०.३५ लिटर भरते. मिनिटाला सुमारे २,९०० फेरे घेणाऱ्या कॉम्प्रेसरला यासाठी प्रतिफेरा सुमारे ७ घन सेंटिमीटर विस्थापन लागते. आर-१३४ए वापरल्यास हाच आकडा १३ च्या जवळ जातो. दट्ट्याच्या टोकाशी उरणारे बाष्प व तापलेले सिलिंडर यांमुळे प्रत्यक्षात याच्या दीडपट ते दुप्पट विस्थापन धरावे लागते.

प्रशीतक आणि दाबाचे गुणोत्तर

आर-१३४एचा उत्कलनबिंदू सुमारे उणे २६ अंश, तर प्रोपेनचा उणे ४२ अंश आहे. उणे ४० अंशांवर आर-१३४एचा दाब केवळ ०.५ बार, म्हणजे वातावरणापेक्षा कमी असतो. गळती असल्यास बाहेरची दमट हवा आत ओढली जाते. ४० अंशांवरील संघननासाठी दाबाचे गुणोत्तर सुमारे २० होते. प्रोपेनच्या बाबतीत ते सुमारे १२ राहते. उन्हाळ्यात खोलीच तापल्यामुळे संघनन ५५ अंशांवर गेले, तर प्रोपेनचाही दाब सुमारे १९ बारपर्यंत चढतो. त्यामुळे कंडेन्सर व पंखा पुरेसा मोठा असणे कॉम्प्रेसरच्या आयुष्यासाठी महत्त्वाचे आहे.

प्रकार

* दट्ट्याचा कॉम्प्रेसर : फ्रिजमध्ये आढळतो. याचे कवच कमी दाबाच्या बाजूस असून परत येणारे थंड बाष्प मोटरला थंड ठेवते.
* रोटरी कॉम्प्रेसर : खिडकीच्या वातानुकूलन यंत्रात आढळतो. आकाराने लहान असतो, पण कवच उच्च दाबाचे व अधिक तप्त असते. तो मूलतः शून्याच्या वरील बाष्पीभवनासाठी बनविलेला असल्याने अतिथंड स्थितीत बाष्पाचा प्रवाह घटून मोटर तापू शकते.

आयसोब्युटेनसाठी (आर-६००ए) बनविलेल्या फ्रिज-कॉम्प्रेसरमध्ये विस्थापन मोठे व मोटर त्यामानाने लहान असते. त्यात प्रोपेन भरल्यास मोटरवर अतिभार येतो.

तेल, प्रारंभ आणि वीजपुरवठा

आर-१३४एसाठी पॉलिओल एस्टर तेल लागते. ते हवेतील आर्द्रता झपाट्याने शोषते, म्हणून कॉम्प्रेसर उघडा ठेवू नये. प्रोपेन खनिज तेलासह चालतो. कमी प्रारंभिक बलाचा कॉम्प्रेसर बंद पडल्यावर दोन्ही बाजूंचे दाब समान होईपर्यंत काही मिनिटे पुन्हा सुरू होत नाही. वीज खंडित झाल्यास संगणकही त्याच वेळी बंद होईल अशी जोडणी त्यामुळे आवश्यक ठरते. ६० हर्ट्झसाठी बनविलेला परदेशी कॉम्प्रेसर ५० हर्ट्झवर चालविल्यास फेरे सुमारे एक-षष्ठांशाने कमी होतात. त्याची मोटर ५० हर्ट्झसाठीही मान्य आहे, याची खात्री आधी करावी लागते. फ्रिजचा कॉम्प्रेसर थांबत-थांबत चालतो, तर संगणकाच्या संचात तो अखंड चालतो. निवड करताना हा फरकही विचारात घेतात.

सुरक्षितता

प्रोपेन हवेपेक्षा जड असून हवेत सुमारे २.१ ते ९.५ टक्के प्रमाणात पेट घेतो. १०० ग्रॅम प्रोपेन गळल्यास खोलीच्या तापमानाला सुमारे ५४ लिटर वायू तयार होतो. रिलेची ठिणगीही तो पेटवू शकते. स्वयंपाकाचा गॅस हा प्रोपेन व ब्युटेन यांचे बदलते मिश्रण असल्याने पर्याय ठरत नाही. गळतीची चाचणी कोरड्या नायट्रोजनने करतात. ऑक्सिजन कधीही वापरू नये. दाबाखालील ऑक्सिजन व तेल यांचा संयोग स्फोटक असतो.

जुन्या यंत्रातील प्रशीतक हवेत सोडणेही गैर आहे. १९८७ च्या मॉन्ट्रियल करारान्वये आर-१२ व आर-२२ यांसारख्या ओझोननाशक द्रव्यांचे उत्पादन टप्प्याटप्प्याने बंद करण्याचे ठरले, तर २०१६ च्या किगाली दुरुस्तीने आर-१३४एसारख्या तापमानवाढ करणाऱ्या वायूंचा वापर घटविण्याचे बंधन आणले. प्रशीतक काढणे व भरणे ही कामे प्रशिक्षित तंत्रज्ञाकडून करून घेणे योग्य असते.

हेही पहा

* प्रशीतन
* उष्णता पंप
* मॉन्ट्रियल करार